प्रत्यारोपित हृदयाची गती कोण ठरवते?

जयपूर : राजस्थानातील पहिले हृदय प्रत्यारोपण ऑगस्ट २०१५ मध्ये जयपूरच्या महात्मा गांधी रुग्णालयात झाले. जानेवारी २०२० मध्ये याच शहरातील सवाई मानसिंह या सरकारी रुग्णालयातही ही शस्त्रक्रिया पार पडली. दात्याचे हृदय काढताना मेंदूकडून त्याकडे येणारे चेतातंतू तुटतात. रक्तवाहिन्या टाके घालून जोडल्या जातात. चेतातंतू मात्र जोडता येत नाहीत. तरीही रुग्णाच्या छातीत रक्तप्रवाह सुरू होताच ते हृदय पुन्हा धडधडू लागते. शरीर हृदयगतीचे नियमन कसे करते, याचे उत्तर यातूनच उलगडते.

ठोक्याचा उगम हृदयातच असतो. उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्याच्या भिंतीतील ‘सायनस नोड’ हा पेशीसमूह स्वतःच विद्युत संदेश निर्माण करतो. त्याला मोकळे सोडल्यास तो मिनिटाला सुमारे १०० ठोके देतो. निरोगी प्रौढाची विश्रांतीतील नाडी बहुधा याहून कमी असते, कारण मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेतून निघणारी व्हेगस ही चेता या गतीला सतत लगाम घालते. याउलट, मेरुरज्जूतून येणारे अनुकंपी चेतातंतू गती वाढवतात.

या दोहोंचा समतोल लंबमज्जा राखते. मानेतील कॅरोटिड धमनी आणि महाधमनीची कमान येथील संवेदक तिला रक्तदाबाची खबर देत असतात. माणूस झोपेतून उठून उभा राहिला की रक्त पायांकडे ओढले जाते आणि दाब किंचित घसरतो. लगेच व्हेगसचा लगाम सैल होतो, काही सेकंदांत अनुकंपी चेतांचा जोर वाढतो आणि मेंदूचा रक्तपुरवठा टिकून राहतो.

प्रत्यारोपित हृदयापर्यंत हे आदेश पोहोचत नाहीत. त्यामुळे विश्रांतीतही त्याचे ठोके साधारण ९० ते ११० असतात. आमेरच्या किल्ल्याची चढण चढणाऱ्या निरोगी माणसाची नाडी पहिल्या काही पावलांतच वाढते. प्रत्यारोपण झालेल्या व्यक्तीला मात्र अधिवृक्क ग्रंथींतील ॲड्रेनालिन रक्तातून हृदयापर्यंत पोहोचण्याची वाट पाहावी लागते. तिची नाडी काही मिनिटांनी हळूहळू चढते आणि थांबल्यावरही सावकाशच उतरते. म्हणूनच अशा रुग्णांना व्यायामाची सुरुवात आणि शेवट संथ गतीने करण्याचा सल्ला दिला जातो.

चेतातंतू तुटल्याचा आणखी एक परिणाम अधिक गंभीर आहे. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या, तरी छातीत कळ येईलच असे नाही. पुढील काही वर्षांत काही चेतातंतू पुन्हा वाढतात, पण सहसा अंशतःच. त्यामुळे वेदना नाही म्हणजे धोका नाही, असे या रुग्णांना गृहीत धरता येत नाही. नियमित तपासणी हाच त्यांच्यासाठी धोक्याचा इशारा मिळण्याचा भरवशाचा मार्ग ठरतो.