आजोबांच्या हाती कॅमेरा

तीर्थयात्रेस निघालेल्या वडीलधाऱ्यांसाठी कॅमेरा घेताना तरुण मंडळी बहुधा स्वतःच्या हौसेचा कॅमेरा निवडतात. मग तो वर्षभर कपाटात पडून राहतो आणि आजोबा छायाचित्रासाठी पुन्हा नातवाचीच वाट पाहतात. हे परावलंबन त्यांना खुपते. पण ते बोलून दाखवत नाहीत. मोबाइल द्यावा, तर कोरड्या पडलेल्या बोटांना त्याचा पडदा दाद देत नाही.

मेगापिक्सेलच्या आकड्यास भुलण्याचे कारण नाही. ४ बाय ६ इंचांच्या उत्तम छपाईस जेमतेम सव्वादोन मेगापिक्सेल पुरतात. पैसा खर्चायचाच, तर हात थरथरला तरी चित्र स्थिर ठेवणाऱ्या सोयीवर खर्चावा. डिजिटल झूम केवळ चित्राचा तुकडा मोठा करतो. विचारात घ्यायचा तो ऑप्टिकल झूम. मांगीतुंगीची १०८ फुटी ऋषभदेवांची मूर्ती एका चौकटीत मावायची, तर २४ ते २८ मिलिमीटरचे रुंद कोनाचे भिंगही हवे.

दुकानात आजोबांनाच न्यावे. बटणे बोटांना ओळखू येतात का, कार्डाचे झाकण सहज उघडते का, हे त्यांनीच पाहावे. वापरलेला कॅमेरा स्वस्त मिळतो खरा. परंतु त्याची बॅटरी आज बाजारात मिळते ना, याची खात्री आधी करावी. पेन्सिल सेलवर चालणारा असल्यास ती चिंताच नाही. ते सेल यात्रेच्या गावीही मिळतात.

पिशवी मात्र कापडी घ्यावी. चामड्याच्या पिशवीला आजोबा हातही लावणार नाहीत.