मनाचा वर्णपट

दोस्तांनो, मूड तर आपल्या सगळ्यांचेच बदलतात. मॅच जिंकली की आपण उड्या मारतो, गणिताचा पेपर हातात पडला की तोंड पाडून बसतो. मग घरातल्या ताईला, दादाला किंवा बाबांना ‘बायपोलर स्पेक्ट्रम’मधला आजार आहे असं डॉक्टर म्हणतात, तेव्हा ते वेगळं काय सांगतात?

बायपोलर म्हणजे दोन टोकांचा. एका टोकाला उन्माद. दोन-तीन तास झोपूनही थकवा नाही, बोलण्याचा धबधबा, पैसे पाण्यासारखे खर्च. नाहीतर नुसती चिडचिड. दुसऱ्या टोकाला नैराश्य. आवडता खेळही नको, अंथरुणातून उठणंच नको. आणि हे तासा-दोन तासांत ओसरत नाही. उन्माद आठवडाभर किंवा जास्त टिकतो, नैराश्य निदान दोन आठवडे.

आणि स्पेक्ट्रम? विज्ञानाच्या पुस्तकातला वर्णपट आठवा. तांबडा कुठे संपतो नि नारिंगी कुठे सुरू होतो, तिथे रेघ मारता येते का? या आजाराचंही तसंच. पहिल्या प्रकारात पूर्ण उन्माद येतो. दुसऱ्या प्रकारात उन्माद सौम्य, पण नैराश्य चांगलंच जड. म्हणून तो ‘किरकोळ’ समजू नका. सायक्लोथायमियात चढउतार लहान, पण दीर्घकाळ चालणारे.

रक्त तपासून हा आजार ओळखता येत नाही. डॉक्टर मागचं सगळं खोदून विचारतात. बरेचजण नैराश्यातच डॉक्टरांकडे जातात आणि उत्साहाचे दिवस सांगायचेच राहतात. मग फक्त नैराश्याचं औषध दिलं, तर काहींचा उन्माद उसळू शकतो. म्हणून नेमकं नाव कळणं ही भिण्याची नाही, उपयोगाची गोष्ट आहे.

१९४९ साली ऑस्ट्रेलियातले डॉक्टर जॉन केड यांनी उन्मादाच्या रुग्णांना लिथियम हे क्षार देऊन पाहिलं आणि रुग्ण शांत झाले. हे औषध आजही वापरतात. मात्र त्याची मात्रा वाढली तर ते विषारी ठरतं, म्हणून वेळोवेळी रक्त तपासावं लागतं. बरं वाटलं म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. आजार उलटू शकतो.

आता तुमचं काम. ‘जरा हसत राहा की!’ असा सल्ला नको आणि ‘वेडी’ हा शब्द तर मुळीच नको. मधुमेह झालेल्या काकांना आपण ‘गोड काका’ म्हणतो का? ताईच्या झोपेची वेळ सांभाळा, रात्री मोठ्याने टीव्ही लावू नका. आणि तुमच्या भांडणामुळे तिला हे झालं, असं मनात आणू नका. आजाराचा कल कुटुंबात असू शकतो, पण म्हणून तो तुम्हाला होईलच असं नाही.

ताई ‘जगावंसं वाटत नाही’ असं म्हणाली, तर ते गुपित ठेवायचं नाही. तिला एकटं न सोडता लगेच मोठ्यांना सांगा. आईबाबांनो, ‘लोक काय म्हणतील’ म्हणून डॉक्टर टाळू नका. सरकारच्या टेलि-मानसचा १४४१६ हा फोन २०२२ पासून सुरू आहे. तिथे मराठीतही बोलता येतं.

हा नंबर आजच वहीत लिहून ठेवाल ना?