पडद्यात मुरलेलं पाणी

टाकणखाराची लाही होताना कधी पाहिली आहे? तवा तापला की पांढरा खडा आधी पाघळतो, मग तडतडत फुगतो आणि शेवटी चुरमुऱ्यासारखा हलका, पोकळ होऊन बसतो. आजीच्या बटव्यात ही लाही असायचीच. (लहान मुलांना ती देऊ नका, असं डॉक्टर आता बजावतात, ते ऐकावं.) खडा फुगतो तो आतलं पाणी वाफ होऊन निघून जातं म्हणून. कोरड्या ठणठणीत दिसणाऱ्या टाकणखारात वजनाने ४७ टक्के पाणी असतं, तुरटीत ४५ टक्क्यांहून थोडं जास्त!

हे सगळं आठवलं ते एका चित्रप्रदर्शनाच्या निमित्ताने. मैत्रिणीने स्टॉलच्या तिन्ही बाजूंना लावायला जाड मांजरपाट आणला होता आणि आयोजकांची अट होती की कापड आग न धरणारं हवं. मांडवांच्या अग्निसुरक्षेसाठी आपल्याकडे आयएस ८७५८ हे भारतीय मानक आहे. मांडवाच्या कापडासाठी आपल्याकडे जे द्रावण सांगतात, ते वाचून मी थक्क झाले. वजनाने चार भाग अमोनियम सल्फेट, म्हणजे शेतात टाकतात ते खत. दोन भाग अमोनियम कार्बोनेट, दोन भाग तुरटी, एकेक भाग टाकणखार आणि बोरिक ॲसिड. पाणी पस्तीस भाग. बस्स.

गच्चीवर टब मांडला. अमोनियम कार्बोनेटचा डबा उघडताच नाकात झणका गेला, तुरटी पडली तसं पाणी फसफसलं. मांजरपाट त्यात बुडवून, हलकेच निथळून दोरीवर टाकला. संध्याकाळपर्यंत तो खळ दिल्यासारखा कडक झाला होता आणि बोट फिरवलं तर पांढरी भुकटी लागत होती.

ही भुकटी आगीचं नेमकं काय करते? चुलीतल्या लाकडाकडे नीट पाहा. ज्वाळ लाकडाला चिकटलेली नसते, किंचित वर नाचत असते. लाकूड तापून जे वायू बाहेर पडतात, ते पेटलेले असतात. कापडाचंही तेच. साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे सुती धागा तुटू लागतो, त्यातून जळाऊ वाफा निघतात, त्या पेटतात आणि त्यांच्या धगीने शेजारचा धागा तुटतो. पडदा खालून वर भसकन पेटतो तो असा.

आता कापूस मुळात कशाचा बनलेला असतो ते पाहा. त्यातल्या सेल्युलोजचं रेणुसूत्र मांडलं तर कार्बनचे सहा अणू आणि पाण्याचे पाच रेणू होतील एवढे हायड्रोजन-ऑक्सिजन भरतात. वजनाचा हिशेब केला तर निम्म्याहून जास्त पाणीच! अमोनियम सल्फेट तापलं की अमोनिया उडून जातो आणि मागे आम्ल उरतं. ते आम्ल धाग्यातलं हे दडलेलं पाणी ओढून काढतं. जळाऊ वाफा व्हायच्या त्याऐवजी पाण्याची वाफ होते आणि जागेवर कोळसा उरतो. टाकणखार वितळून धाग्यावर काचेसारखा लेप देतो, आणि कोळसा धुमसत राहू नये हे काम बोरिक ॲसिड करतं. पडदा स्वतःच्याच पाण्याने वाचतो, ही गोष्ट मला अजूनही विलक्षण वाटते.

ही युक्ती जुनी आहे. फ्रान्समध्ये नाटकगृहांचे पडदे वारंवार पेटत, म्हणून अठराव्या लुईच्या सांगण्यावरून रसायनशास्त्रज्ञ गे-लुसाकने १८२१ साली अमोनियम फॉस्फेट, नवसागर आणि टाकणखार यांचं मिश्रण सुचवलं होतं.

मात्र ही जादू सुती, तागाच्या कापडावर चालते. पॉलिस्टरमध्ये ओढून काढावं असं पाणीच नाही. ते वितळतं आणि त्याचे जळते थेंब खाली पडतात. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातल्या डबवाली इथे शाळेच्या स्नेहसंमेलनाचा मांडव पेटला. वर सिंथेटिक कापड होतं. चारशेहून अधिक माणसं गेली, त्यात कितीतरी मुलं. हे वाचल्यापासून चकचकीत सॅटिनच्या झालरी लावलेला मांडव दिसला की माझी नजर आधी बाहेर जायची वाट शोधते.

चित्रकारांनी आणखी एक जपावं. जवसाच्या तेलाने माखलेली चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकू नये. ते तेल हवेतला ऑक्सिजन घेत वाळतं, वाळताना तापतं, आणि बोळ्यातली ऊब बाहेर पडली नाही तर चिंधी काडी न लावता पेटते. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी घालून तिला बुडवून ठेवावं.

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी तपासनीस आले. त्यांनी पडद्याच्या दुमडीतून बोटभर पट्टी कापली, मोकळ्यावर नेऊन चिमट्यात उभी धरली आणि खालच्या टोकाला ज्योत लावली. दहा-बारा सेकंद आम्ही श्वास रोखून उभ्या. ज्योत बाजूला घेतली आणि पट्टी तिथल्या तिथे विझली. खालची कड काळी, कुरकुरीत झाली होती, तिच्यावर तपकिरी रेघ आणि तिच्यावर पांढराशुभ्र मांजरपाट.

“पावसात भिजू देऊ नका,” ते म्हणाले. “क्षार धुऊन गेले की पुन्हा पहिल्यापासून.”

मैत्रिणीने ती पट्टी मागून घेतली आणि पहिल्या चित्राशेजारी टाचणीने लावली.