लघुलहरींवरील अंकवाणी आणि तिचे प्रयोजन

लघुलहरींच्या पट्ट्यात रेडिओची सुई फिरविताना कधी कधी एखादे विलक्षण प्रक्षेपण कानी पडते. त्यात केंद्राचे नाव नसते, वार्ता नसते, गायनही नसते. एखादी धून वाजते आणि मग एक निर्विकार आवाज पाच-पाच अंकांचे गट वाचीत राहतो. अशा केंद्रांस ‘अंककेंद्रे’ म्हणतात. त्यांपैकी एक विशेष प्रसिद्ध केंद्र ‘लिंकनशायर पोचर’ या इंग्रजी लोकगीताची धून वाजवून स्त्रीच्या आवाजात अंक वाचीत असे. हौशी श्रोत्यांनी त्याचा उगम सायप्रसमधील ब्रिटिश तळापर्यंत शोधीत नेला. २००८ मध्ये ते बंद पडले.

या कामी लघुलहरीच का, हे समजणे कठीण नाही. सुमारे ३ ते ३० मेगॅहर्ट्झ कंप्रतेच्या या लहरी वातावरणाच्या उंच, विद्युत्भारित थरांमुळे पुन्हा पृथ्वीकडे वळतात आणि हजारो किलोमीटरांवर साध्या रेडिओवर ऐकू येतात. शिवाय, पत्र ज्याच्या नावे जाते तो उघडकीस येऊ शकतो; रेडिओ ऐकणारा मात्र असंख्य श्रोत्यांत अज्ञात राहतो. संदेश सर्वांना ऐकू येतो, त्याचा अर्थ एकालाच लागतो.

हा अर्थ सुरक्षित राखणारी पद्धती म्हणजे एकदाच वापरावयाच्या किल्लीची. समजा, मूळ मजकुराचा अंकगट २७४१८ आणि किल्लीचा गट ९०५६३ आहे. हातचा न धरता एकेका अंकाची बेरीज केल्यास १७९७१ हा गट मिळतो व तोच प्रक्षेपित होतो. ऐकणारा किल्ली वजा करून मूळ गट मिळवितो. किल्ली पूर्णतः यादृच्छिक, मजकुराइतकी लांब, गुप्त आणि एकदाच वापरलेली असेल, तर असा संदेश किल्लीवाचून उकलणे अशक्य असते. क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात हे गणिताने सिद्ध केले.

हेरगिरीशी या अंकवाणीचा संबंध केवळ तर्कावर आधारलेला नाही. १९९८ मध्ये मायामी येथे पकडलेल्या क्यूबाच्या हेरांच्या खटल्यात, लघुलहरींवरून आलेले व नंतर उकललेले संदेश पुराव्यात सादर झाले. अमेरिकेच्या संरक्षण गुप्तवार्ता संस्थेतील विश्लेषक अना बेलेन माँटेस याही अशाच अंकांतून क्यूबाच्या आज्ञा घेत. २००१ मध्ये त्यांना अटक झाली व २००२ मध्ये पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. या दोन्ही प्रकरणी संकेत गणिताने फुटला नाही. अन्वेषकांनी हेरांच्या निवासस्थानी गुप्तपणे शिरून त्यांच्या संगणकांतील सामग्रीची नक्कल मिळविली होती. माँटेस यांच्या संगणकातून पुसलेला मजकूरही परत मिळविता आला.

तथापि, प्रत्येक गूढ प्रक्षेपणास हेच प्रयोजन लावणे योग्य नव्हे. ४६२५ किलोहर्ट्झवरील रशियन केंद्र मुख्यतः एकसारखा गुंजारव प्रक्षेपित करते व क्वचितच शब्द उच्चारते. त्याचा संबंध सैनिकी दळणवळणाशी असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. अंककेंद्रांच्या बाबतीत मात्र उपलब्ध पुरावा एका गोष्टीकडे निर्देश करतो: लहर आणि गणित यांनी आपले काम चोख बजावले, संदेश उघड झाला तो उकललेला मजकूर जपून ठेवणाऱ्या माणसाच्या घरी.