दगडीचा जंतू पाळण्यापाशी

चार उथळ वाट्यांचं प्लास्टिकचं एक पॅडल असतं. गाईच्या चारही सडांची थोडीथोडी धार एकेका वाटीत घ्यायची, वरून तेवढंच जांभळं द्रावण ओतायचं आणि पॅडल हलक्या हाताने गोल गोल फिरवायचं. दूध निरोगी असेल तर पातळच राहतं. पण एखाद्या वाटीतलं दूध बघता बघता घट्ट होतं, साबुदाण्याच्या पेजेसारखी तार धरतं. कास वरून धडधाकट, दुधात गुठळी नाही, गाय वैरण खातेय. तरी त्या सडात दगडी, म्हणजे कासेचा दाह, शिरलेली असते.

ते द्रावण म्हणजे जवळजवळ साबणच. जंतूंशी लढायला कासेत धावून आलेल्या पांढऱ्या पेशी त्याने फुटतात आणि आतला डीएनए दुधात सांडतो. आपल्याला दिसते ती तार त्याचीच. डीएनए नुसत्या डोळ्यांनी बघायला प्रयोगशाळाच लागते असं नाही, गोठाही चालतो.

दगडीचे जंतू ओळखण्याचं काम बंगळुरूच्या हेब्बाळातही झालं. विमानतळाकडे निघालेल्याला हेब्बाळ म्हणजे उड्डाणपूल आणि गाड्यांची कोंडी. गुरांच्या डॉक्टरांसाठी मात्र ते फार जुनं ठिकाण. म्हैसूर संस्थानाने १९२५ साली इथे जनावरांसाठी सीरम बनवणारी संस्था काढली, १९५८ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय आलं. (हे महाविद्यालय आज बिदरच्या विद्यापीठाखाली येतं. बिदर जिल्ह्यातल्या भालकी-औरादच्या मराठी घरांना हेब्बाळ तितकंसं परकं नाही, ते असं.) जनावरांच्या रोगांवर देशभर नजर ठेवणारी ‘निवेदी’ ही संस्था आता येलहंक्याला आहे, तिचं बिऱ्हाडही आधी हेब्बाळातच होतं. दगडी करणारे जंतू एकेक करून वाढवत बसण्याऐवजी एकाच चाचणीत ओळखायची पीसीआर पद्धत तिथल्या शास्त्रज्ञांनी २०११ साली मांडली. त्या जंतूंपैकी एकाची ही गोष्ट.

नाव स्ट्रेप्टोकोकस अॅगॅलॅक्टिए. ग्रीकात ‘स्ट्रेप्टोस’ म्हणजे पीळ दिलेली साखळी, ‘कोकस’ म्हणजे दाणा आणि ‘अॅगॅलॅक्टिया’ म्हणजे दूध नसणं. मराठीत म्हणायचं तर गाय भाकड करणारी माळ. सूक्ष्मदर्शकाखाली तो खरोखरच ओवलेल्या मण्यांसारखा दिसतो. फ्रान्समध्ये नोकार आणि मोल्रो यांनी १८८७ साली दगडीच्या दुधातून त्याचं वर्णन केलं. धार काढणाऱ्याच्या हातावरून, कास पुसायच्या फडक्यावरून तो या गाईकडून त्या गाईकडे जातो. पुढची चाळीसेक वर्षं हा गुरांच्या डॉक्टरांचाच मामला होता.

मग न्यूयॉर्कच्या रेबेका लान्सफिल्ड यांनी १९३३ साली या साखळीवाल्या जंतूंचे गट पाडले. घसा धरणारा, पुढे सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर संकट आणणारा तो ‘ए’. आपला गोठ्यातला तो ‘बी’. दोनच वर्षांनी हाच ‘बी’ बाळंतिणींच्या नमुन्यांतही सापडला. १९७० च्या दशकात तर अमेरिकेत नवजात बाळांच्या रक्तातल्या जंतुसंसर्गाचं मुख्य कारण म्हणून त्याचं नाव पुढे आलं. बाळ जन्मतं, दिसतं छान, आणि पहिल्या चोवीस तासांत कण्हू लागतं, दूध ओढत नाही.

माणसात त्याला ओळखायचं कसं? इथेही गोठाच कामाला आला. ख्रिस्ती, अॅटकिन्स आणि मुंक-पीटरसन यांनी १९४४ साली ऑस्ट्रेलियात एक युक्ती शोधली. त्यांच्या आद्याक्षरांवरून ती ‘कॅम्प’ चाचणी. मेंढीचं रक्त मिसळलेल्या लालभडक आगरच्या बशीत स्टॅफिलोकोकस या वेगळ्या जंतूची एक उभी रेघ ओढायची. संशयित जंतूची आडवी रेघ तिच्याजवळ आणायची, पण टेकवायची नाही. सकाळी पाहावं तर दोन रेघा जवळ येतात तिथे लालीत बाणाच्या टोकासारखा एक नितळ ठिपका. एका जंतूने रक्तपेशीची कडी सैल केलेली असते, दुसऱ्याने दार पाडलेलं असतं. एकट्याला ते जमत नाही! गाईच्या दुधासाठी शोधलेली ही चाचणी पुढे माणसांच्या दवाखान्यांतही रुळली.

त्याची मला सर्वांत थक्क करणारी खोडी वेगळीच आहे. त्याच्या कवचावर टोकाला सायलिक आम्ल असतं, आपल्या पेशींवर असतं अगदी तसंच. शरीराचे पहारेकरी त्याला आपलाच माणूस समजून सोडून देतात. चोराने घरातल्याचाच सदरा घातलेला.

बऱ्याच मोठ्या माणसांच्या आतड्यात तो गुपचूप राहतो, काही करत नाही. जगात सरासरी १५ टक्के गरोदर स्त्रियांच्या अंगात तो असतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अंदाजानुसार वर्षाला सुमारे दीड लाख बाळं त्याच्यामुळे जातात. पोटातच दगावलेली त्यात धरून. तो अंगात असणं म्हणजे अस्वच्छता नव्हे, हे आपल्याकडे मुद्दाम सांगावं लागतं.

मग तो गाईकडूनच येतो का? बहुतांशी नाही. माणसातली कुळं आणि गाईतली कुळं बरीचशी वेगळी. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या संशोधकांनी २०१४ साली वंशावळ मांडून दाखवलं, की १९४८ पासून टेट्रासायक्लिन सर्रास वापरलं गेलं, त्याला दाद न देणारी मोजकी कुळं तगली आणि तीच माणसांत पसरली. म्हणजे या घराण्याला पुढे आणण्यात आपलाही हात आहे. कुंपण मात्र पक्कं नाही. २०१५ साली सिंगापुरात धडधाकट माणसं आजारी पडली, ती गोड्या पाण्यातली कच्ची मासळी खाऊन. जंतू हाच.

उपाय मात्र अगदी साधा आहे, म्हणूनच हळहळ वाटते. हा जंतू पेनिसिलिनला अजून वचकून आहे. अमेरिकेत गरोदरपणाच्या शेवटी कापसाच्या बोळ्याने नमुना घेतात, आणि जंतू निघाला तर कळा सुरू झाल्यावर शिरेतून औषध देतात. तिथे पहिल्या आठवड्यातलं दुखणं १९९० च्या सुमारास हजार जन्मांमागे १.८ होतं, ते २०१५ पर्यंत ०.२३ वर आलं. आठवड्यानंतर उद्भवणारं दुखणं यानं थांबत नाही. त्यासाठी आईला द्यायच्या लशीवर काम चालू आहे.

आपल्याकडे ही तपासणी सरसकट होत नाही. घरात कुणाला आठवा महिना लागला असेल, तर पुढच्या खेपेला डॉक्टरांना ‘ग्रुप बी स्ट्रेप’ची तपासणी करायची का, एवढं विचारा. पेनिसिलिनची अॅलर्जी असेल तर तेही तेव्हाच सांगून ठेवा.