सामायिक आयपीमागचा घरचा मीडिया सर्व्हर

घरचा मीडिया सर्व्हर म्हणजे राउटरला जोडून चोवीस तास चालू ठेवलेला एखादा जुना संगणक आणि त्यावर चालणारे जेलीफिन, प्लेक्स किंवा एम्बीसारखे सॉफ्टवेअर. व्हीएचएस कॅसेटींवरून उतरवून घेतलेली लग्नाची चित्रणे, विकत घेतलेल्या डीव्हीडी, गाणी, फोटो असे सगळे त्यात साठवले की घरातल्या कोणत्याही टीव्हीवर किंवा मोबाइलवर ते पाहता येते. अडचण येते ती घराबाहेर पडल्यावर. पुण्यातल्या घरात सुरळीत चालणारा सर्व्हर बंगळुरूच्या वसतिगृहातून किंवा परदेशातल्या मुलीच्या घरातून उघडतच नाही. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून आलेली मागणी सर्व्हरकडे वळवण्याची सोय, करून झालेले असते, जेलीफिनचे ८०९६ किंवा प्लेक्सचे ३२४०० हे पोर्टही अचूक भरलेले असते, तरी काही उपयोग होत नाही. बहुतेक वेळा दोष सर्व्हरमध्ये नसतो आणि राउटरमध्येही नसतो. त्या घराला स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ताच मिळालेला नसतो.

१९८१ मध्ये ठरलेल्या आयपीव्ही४ या पद्धतीत पत्ता ३२ बिटांचा असतो, म्हणजे जगभर मिळून सुमारे ४२९ कोटी पत्ते. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे गट वाटून संपले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशिया-पॅसिफिक विभागाचा साठाही अखेरच्या गटावर आला आणि पुढे पत्ते अगदी मोजून मिळू लागले. भारतात घरोघरी फायबर आणि हातोहाती स्मार्टफोन पोचले ते मुख्यतः यानंतर. ज्या इंटरनेट कंपन्या उशिरा आल्या त्यांना ग्राहकागणिक एक पत्ता देणे शक्यच नव्हते. म्हणून एक सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटून देण्याची व्यवस्था रूढ झाली. तिला कॅरिअर ग्रेड नॅट, थोडक्यात सीजीनॅट, म्हणतात.

घरातला राउटर पत्त्यांची अशीच वाटणी, म्हणजे नॅट, आधीपासून करतो. १९२.१६८ ने सुरू होणारे खासगी पत्ते तो घरातल्या उपकरणांना देतो आणि बाहेर सगळ्यांच्या वतीने एकच पत्ता वापरतो. सीजीनॅटमध्ये हाच प्रकार कंपनीच्या यंत्रावर दुसऱ्यांदा होतो. या मधल्या टप्प्यासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ असा सुमारे ४२ लाख पत्त्यांचा वेगळा पट्टा राखून ठेवण्यात आला.

घरातून कोणी एखादे संकेतस्थळ उघडले की कंपनीचे यंत्र आपल्या तक्त्यात नोंद करते: अमुक ग्राहकाच्या अमुक पोर्टासाठी सार्वजनिक पत्त्याचे तमुक पोर्ट. उत्तर आले की त्या नोंदीवरून ते योग्य घरी जाते. बाहेरून कोणी आपणहून जोडणी मागितली, तर तक्त्यात तिची नोंद नसते आणि ती तिथेच टाकून दिली जाते. घरच्या राउटरवरचे पोर्ट फॉरवर्डिंग निरुपयोगी ठरते ते यामुळे. ती मागणी घरापर्यंत पोचतच नाही. डायनॅमिक डीएनएसनेही, म्हणजे बदलत्या पत्त्याला कायमचे नाव देणाऱ्या सेवेनेही, हा प्रश्न सुटत नाही, कारण ते नाव शेवटी त्याच सामायिक पत्त्याकडे बोट दाखवते.

म्हणून दुरुस्तीच्या आधी निदान करावे. राउटरच्या पानावर ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ या मथळ्याखाली दिसणारा आयपीव्ही४ पत्ता टिपून घ्यावा आणि आपला आयपी दाखवणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर दिसणाऱ्या आयपीव्ही४ पत्त्याशी तो ताडून पाहावा. व्हीपीएन चालू असेल तर आधी बंद करावे. दोन्ही पत्ते सारखे असतील तर सीजीनॅट नाही आणि साधे पोर्ट फॉरवर्डिंग पुरेल. राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल तर सीजीनॅट आहे. तो १०, १९२.१६८ किंवा १७२.१६ ते १७२.३१ यांपैकी असेल तर दोन शक्यता उरतात: कंपनी हेच खासगी पत्ते वापरत असेल, किंवा घरातच दोन राउटर एकामागे एक जोडलेले असतील. दुसरी शक्यता भारतीय घरांत फार आढळते. कंपनीची फायबरची पेटी स्वतःच राउटरचे काम करत असते आणि तिच्यामागे घरमालकाने विकत आणलेला राउटर असतो. त्या पेटीला ब्रिज मोडवर टाकले, म्हणजे तिचे राउटरचे काम बंद केले, की एक थर कमी होतो.

सीजीनॅट नक्की ठरले तर सर्वांत सरळ उपाय म्हणजे कंपनीकडे स्थिर सार्वजनिक पत्ता मागणे. अनेक कंपन्या जादा शुल्क घेऊन तो देतात, काही फक्त व्यावसायिक योजनांवर देतात.

पैसे न घालवता मुळाशी जाणारा उपाय म्हणजे आयपीव्ही६. डिसेंबर १९९५ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत पत्ता १२८ बिटांचा असतो आणि घरातल्या प्रत्येक उपकरणाला स्वतःचा जागतिक पत्ता मिळू शकतो. नॅटची गरजच उरत नाही. २०१६ मध्ये सुरू झालेल्या जिओने आयपीव्ही६ मोठ्या प्रमाणावर वापरले आणि आज या पद्धतीच्या वापरात भारत जगातल्या आघाडीच्या देशांत आहे. म्हणजे ज्या घरात आयपीव्ही४ सामायिक आहे, त्याच घरात आयपीव्ही६ चा मोकळा रस्ता बरेचदा तयार असतो आणि कोणी तो वापरत नसते. त्यासाठी राउटरवर आयपीव्ही६ चालू करावे लागते आणि त्याच्या फायरवॉलमध्ये फक्त सर्व्हरच्या पत्त्यावर, फक्त हव्या त्या पोर्टाला आत येऊ द्यावे लागते. पूर्ण फायरवॉल बंद करणे हा उपाय नव्हे. तसे केल्यास घरातला प्रिंटर आणि कॅमेराही उघड्यावर येतो. काही कंपन्यांच्या राउटरमध्ये एका पोर्टापुरती परवानगी देण्याची सोयच नसते. शिवाय पत्त्याचा पुढचा भाग अधूनमधून बदलतो, म्हणून डायनॅमिक डीएनएसमध्ये आयपीव्ही६ ची नोंद ठेवावी लागते. पाहणाऱ्याच्या जागीही आयपीव्ही६ हवे. हॉटेलांच्या आणि कार्यालयांच्या वायफायवर ते अनेकदा नसते.

जिथे हे जमत नाही तिथे टेलस्केलसारखी खासगी जाळी कामी येतात. त्यांची युक्ती सीजीनॅटच्या नियमावरच उभी आहे: आतून बाहेर जाणाऱ्याला अडवले जात नाही. सर्व्हर आणि मोबाइल दोघेही एका मध्यस्थाशी आपणहून जोडणी करतात, मध्यस्थ एकाचा बाहेर दिसणारा पत्ता आणि पोर्ट दुसऱ्याला कळवतो, मग दोघेही जवळपास एकाच वेळी एकमेकांच्या दिशेने पॅकेट सोडतात. दोन्हीकडच्या तक्त्यांत नोंद आधीच पडलेली असल्यामुळे समोरून येणारे पॅकेट उत्तर समजून आत घेतले जाते. पुढचा व्हिडिओ मध्यस्थाला वगळून थेट जातो. दोन्ही बाजूंचे नॅट फार कडक असेल तर मात्र रिलेचा, म्हणजे सगळा व्हिडिओ मधल्या सर्व्हरमधून पाठवण्याचा, आधार घ्यावा लागतो आणि वेग घसरतो. हे टेलस्केल स्वतःच्या जाळ्यात १००.६४ च्याच पट्ट्यातले पत्ते वाटते. निदान करताना ते पत्ते आणि राउटरवरचा पत्ता यांची गल्लत होऊ देऊ नये. दुसरी मर्यादा टीव्हीची. अँड्रॉइड आणि अ‍ॅपल टीव्हीसाठी त्याचे अ‍ॅप आहे, इतर अनेक टीव्हींवर ते बसवता येत नाही.

टेलस्केलच्या मुळाशी असलेले वायरगार्ड हे व्हीपीएन तंत्र मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ आवृत्तीत सामील झाले. ते स्वतः वापरायचे तर सार्वजनिक पत्ता असलेला छोटा सर्व्हर भाड्याने घ्यावा लागतो. घरचा संगणक त्याच्याशी आतून बोगदा जोडतो आणि दर २५ सेकंदांनी एक छोटे पॅकेट पाठवून सीजीनॅटच्या तक्त्यातली नोंद जिवंत ठेवतो. पाहणारा भाड्याच्या सर्व्हरच्या पत्त्यावर येतो, त्यामुळे कोणताही टीव्ही चालतो. पण सगळा व्हिडिओ त्या सर्व्हरमधून फिरून जातो, म्हणून त्याची डेटा-मर्यादा आधी पाहावी. प्रेक्षक महाराष्ट्रात असतील तर तो सर्व्हर मुंबईतला असलेला बरा.

क्लाउडफ्लेअरचे मोफत टनेल जोडायला सोपे आहे, पण त्याच्या सीडीएनमधून (वितरण-जाळ्यातून) व्हिडिओ पुरवण्यावर सेवाअटींत निर्बंध आहेत. प्लेक्सचा स्वतःचा रिले सेकंदाला १ ते २ मेगाबिटांवर थांबतो, आणि एप्रिल २०२५ पासून घराबाहेरून स्वतःचे व्हिडिओ पाहण्यासाठी प्लेक्सची सशुल्क वर्गणीही लागते.

सर्व्हर थेट इंटरनेटवर उघडा ठेवणार असाल तर एचटीटीपीएस, भक्कम पासवर्ड आणि वेळच्या वेळी अद्ययावत करणे यांत कसूर चालत नाही. पासवर्ड सांभाळणाऱ्या लास्टपास कंपनीच्या २०२२ च्या डेटाचोरीत हल्लेखोर एका अभियंत्याच्या घरच्या संगणकावरच्या जुन्या प्लेक्समधून शिरले होते. ती त्रुटी प्लेक्सने २०२० मध्येच दुरुस्त केली होती, पण त्या संगणकावर नवी आवृत्ती घेतलेली नव्हती. फक्त घरच्यांनाच पाहायचे असेल तर म्हणूनच खासगी जाळे अधिक सुरक्षित.

शेवटची चाचणी घरच्या वायफायवर घेऊ नये. मोबाइलचे वायफाय बंद करून डेटावर सर्व्हर उघडावा. जोडणी होते पण चित्र अडखळते, असे असेल तर दोन गोष्टी तपासाव्यात: वाहतूक रिलेमधून तर जात नाही ना, आणि घरचा अपलोड वेग किती आहे. फुल एचडी चित्रणाला सेकंदाला साधारण ८ ते १० मेगाबिट लागतात. तेवढा वेग नसेल तर सर्व्हरमध्ये बाहेरच्या प्रेक्षकांसाठी गुणवत्तेची मर्यादा ठरवून द्यावी. मग तो व्हिडिओ लहान करून पाठवतो.