व्होट्किन्स्कच्या फाटकावरील पहारा

युरल पर्वताच्या पश्चिमेस व्होट्किन्स्क नावाचे गाव आहे. संगीतकार चायकोव्स्की यांचा जन्म तेथलाच. शीतयुद्धाच्या काळात मात्र तेथे परकीयांना पाऊल ठेवण्याची मुभा नव्हती. कारण एसएस-२० क्षेपणास्त्रे तेथील कारखान्यात तयार होत. अशा कारखान्याच्या फाटकाशी १९८८ मध्ये अमेरिकन निरीक्षकांची तुकडी बिऱ्हाड थाटून राहिली. सोव्हिएत निरीक्षकही त्याच वेळी यूटा राज्यातील मॅग्ना येथे येऊन बसले.

८ डिसेंबर १९८७ रोजी रेगन व गोर्बाचेव्ह यांनी सह्या केलेल्या मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांसंबंधीच्या कराराचे हे फळ. जमिनीवरून सुटणारी, ५०० ते ५,५०० किलोमीटर पल्ल्याची सर्व क्षेपणास्त्रे त्याने निषिद्ध ठरविली. १९९१ च्या मध्यापर्यंत सोव्हिएत संघाची १,८४६ आणि अमेरिकेची ८४६ क्षेपणास्त्रे नष्ट झाली. या आकड्यांचे कौतुक पुष्कळ झाले. परंतु खरी कसोटी होती ती फाटकावर.

एसएस-२० ला बंदी, पण त्याच कारखान्यातील एसएस-२५ ला परवानगी, अशी स्थिती होती. दोहोंच्या पहिल्या टप्प्यांत साम्य असल्याने नळकांड्यात नेमके काय आहे हे बाहेरून कळणे कठीण. म्हणून क्ष-किरण यंत्र बसविण्यात आले. १९९० च्या मार्चमध्ये त्या यंत्राच्या कार्यपद्धतीवरून ठिणगी पडली आणि काही क्षेपणास्त्रे तपासणीविनाच बाहेर नेण्यात आली. करार मोडला असा आक्रोश करण्यास एवढे निमित्त पुरेसे होते. तसे झाले नाही. यंत्र चालविण्याच्या नियमांवर उभयतांनी तडजोड केली आणि काम पुढे चालू राहिले.

क्रास्नोयार्स्कजवळील रडारचा वाद याहून जुना व चिवट. १९७२ च्या क्षेपणास्त्रविरोधी करारानुसार पूर्वसूचना देणारी नवी रडारे देशाच्या सीमेवरच, बाहेरच्या दिशेस तोंड करून उभारावयाची होती. हे रडार देशाच्या अंतर्भागात होते. अंतराळातील वस्तूंचा माग घेण्यासाठी ते आहे, हे मॉस्कोचे स्पष्टीकरण कोणासच पटले नाही. अखेर १९८९ मध्ये परराष्ट्रमंत्री शेवर्डनाड्झे यांनी करारभंग झाल्याची उघड कबुली दिली व रडार पाडण्यात आले. महासत्तेने असा दोष पदरात घेणे विरळाच!

पुढची कहाणी उलट्या दिशेची आहे. क्षेपणास्त्रविरोधी करार अमेरिकेने २००२ मध्ये सोडला. १९८७ च्या करारातील तपासणीचा हक्क मुळातच तेरा वर्षांचा. तो २००१ च्या मे महिन्यात संपला, पण बंदी मात्र बेमुदत राहिली. बंदी आहे आणि पाहणारे डोळे नाहीत, ही रचनाच विचित्र होती. रशियाचे ९एम७२९ क्षेपणास्त्र निषिद्ध पल्ल्याचे आहे, असा आरोप अमेरिकेने केला. रुमानियातील अमेरिकन क्षेपक यंत्रणा निषिद्ध आहे, असा रशियाचा प्रत्यारोप. दोन्ही बाबी जागेवर जाऊन तपासण्यासारख्या होत्या. करारान्वये नेमलेला विशेष आयोगही होता. २०१९ च्या जानेवारीत रशियाने क्षेपणास्त्राचे नळकांडे मांडून दाखविले, तर अमेरिकन अधिकारी ते पाहावयास गेलेच नाहीत. नुसते नळकांडे पाहून पल्ला कळत नाही, हे खरे. परंतु अधिक काही दाखवा, असा आग्रह धरून बसण्याची चिकाटी १९९० मध्ये होती, ती आता नव्हती. २ ऑगस्ट २०१९ रोजी करार संपला. त्याच महिन्यात अमेरिकेने ५०० किलोमीटरहून अधिक पल्ल्याच्या क्षेपणास्त्राची चाचणी घेतली.

दूर पल्ल्याच्या अस्त्रांसंबंधीचा २०१० चा नवा स्टार्ट करार त्यानंतरही उरला. त्याच्या प्रत्यक्ष तपासण्या २०२० मध्ये महासाथीमुळे थांबल्या, त्या पुन्हा सुरू झाल्या नाहीत. २०२३ मध्ये रशियाने आपला सहभाग स्थगित केला, आणि एकदाच वाढविता येणारी कराराची मुदत होती ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतची. आधीच्या स्टार्ट करारान्वये व्होट्किन्स्कच्या फाटकावर राहिलेले अमेरिकन निरीक्षक तर २००९ च्या डिसेंबरातच सामान बांधून परतले होते.